दोन वराहमिहिर आणि एक तोतया

रामघाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून तुम्ही पाय शिप्रेत सोडता, आणि आधी काय जाणवत असेल तर ते लाउडस्पीकरचं गप्प होणं. मग पुलावरची वाहनं थांबतात. मग पूलच राहत नाही. दगड तोच, त्यावरचं शेवाळही बहुधा तेच. पण शेजारी कपडे पिळणाऱ्या बाईच्या हातात साबण नाही, आणि तुमच्या खिशातला फोन चाचपून बघायला खिसाही नाही.

शके १७१४, वैशाख. इंग्रजी हिशेबाने १७९२.

गावात शिरून गोपाळ मंदिर शोधाल तर सापडणार नाही. ते बांधवणाऱ्या बायजाबाई आत्ता आठ वर्षांच्या आहेत, तिकडे कागलला परकर सावरत खेळत असतील. महाकालाचं शिखर मात्र आहे, आणि उज्जैनच्या मानाने नवंच म्हणायचं. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी देऊळ पुन्हा उभं केलं त्याला साठेक वर्षं होत आली. गल्लीत माळवीच्या बरोबरीने मराठी ऐकू येते. शिंद्यांच्या कारकुनांची तोलून मापून, शिलेदारांची मोकळीढाकळी. तुम्ही तोंड उघडता तेव्हा लोक जरा चमकून बघतात. तुमच्या मराठीतले निम्मे शब्द त्यांना कळत नाहीत, आणि तुम्हाला त्यांचे. "पुण्याकडचे दिसता," असं कुणीतरी म्हणतं आणि प्रश्न मिटतो. पुण्याचा माणूस विचित्र बोलणारच, हे इथे मान्य आहे.

गावात गडबड आहे ती साहेबांच्या तळाची. मेजर विल्यम पामर, शिंद्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, फेब्रुवारीत आग्र्याहून निघून इथवर आलाय. महादजी, म्हणजे इथल्या भाषेत पाटीलबावा, दक्षिणेच्या वाटेवर आहेत. जूनमध्ये ते पुण्यात पोचतील. पामरबरोबर एक शल्यवैद्य आहे, विल्यम हंटर, स्कॉटलंडमधल्या माँट्रोजचा, वय सदतीसच्या आसपास. हा माणूस नाडी कमी आणि अक्षांश जास्त बघतो. लिहिता येणारा मराठी माणूस हवा म्हणून कुणीतरी तुमच्या हातात दौत-लेखणी ठेवतं. नाही म्हणायला वेळच मिळत नाही.

त्याच्या मागोमाग तुम्ही गावाच्या उत्तरेला चालत जाता. कोसभरही नाही. ऊन असं की काळ्या मातीच्या भेगांतून वाफ येतेय असं वाटावं. पण इथे आल्यावर माती काळी राहत नाही. माळव्याची ओळखीची काळी जमीन संपते आणि पायाखाली राखाडी भुगा लागतो. हे जुनं उज्जैन. लोक इथे विटा खणायला येतात. पंधरा-अठरा फूट खाली गेलं की सबंध भिंती लागतात, दगडी खांब लागतात, लोखंडासारखं टणक झालेलं लाकूड लागतं. तयार भाजलेल्या विटा फुकट मिळत असताना नवी भट्टी कोण लावील? आजच्या गावातली कितीतरी घरं कालच्या गावाच्या विटांची आहेत. पावसाने फाडलेल्या एका घळीत तुम्हाला बारा-पंधरा फूट लांब आणि पुरुषभर उंच असा नुसत्या खापरांचा थर दिसतो, एकमेकांत घट्ट बसलेला. कुंभाराची भट्टी असावी, असं हंटर टिपून घेतो.

मग एक खणणारा ओंजळ पुढे करतो. गहू. विटा काढताना गव्हाचा ढीगच लागलाय. तुम्ही एक दाणा चिमटीत धरता. आकार शाबूत आहे, मधली चीरसुद्धा दिसते. जरा दाब देताच त्याचा कोळसा होतो आणि बोटांवर काळा डाग राहतो. धोतराला पुसलात तरी जात नाही.

"गंधर्वसेनाचं काम," खणणारा म्हणतो. त्याला विचारावंही लागत नाही. इंद्राचा मुलगा गंधर्वसेन, बापाच्या शापाने गाढव झाला. दिवसा गाढव, रात्री पुरुष. राजाची मुलगी त्याला दिली. एके रात्री राजाने ते गाढवाचं कातडं जाळून टाकलं. शापातून सुटलेला गंधर्वसेन स्वर्गात निघाला, पण जाताना सांगून गेला की या नगरीवर मातीचा पाऊस पडेल. गरोदर राणी तेवढी निसटली. तिचा मुलगा विक्रमादित्य. बाकी सगळं गाव इथे, आपल्या पायाखाली.

आता या गोष्टीकडे नीट बघा, हसू नका. राखाडी माती का? मातीचा पाऊस. गहू काळा का? आग. भिंती उभ्याच्या उभ्या का? गाव पडलं नाही, गाडलं गेलं. शेजारचा कोरडा खोलगट भाग कशाचा? शिप्रा पूर्वी तिथून वाहायची, त्याच रात्री तिने पात्र बदललं. एक गाढव कल्पून चार प्रश्न सुटतात. हा खणणारा तुम्हाला फसवत नाही. फसवून त्याला काही मिळणारही नाही, विटा तर त्याच्या त्यालाच हव्यात. आणि हंटर? तो गोष्ट सगळी लिहून घेतो, गाढवासकट, आणि मग वितळलेला दगड शोधायला लागतो. ज्वालामुखीची खूण काही मिळत नाही. पण त्याला आधी ज्वालामुखीच का सुचावा? कारण त्याच्या जन्माआधीपासून तिकडे पाँपेई खणलं जातंय, १७४८ पासून. गाडलेलं गाव म्हटलं की शिकलेल्या युरोपियनाला व्हेसूव्हियस आठवणार, जसा उज्जैनच्या माणसाला गंधर्वसेन. साचा दोघांकडे आहे. फरक एवढाच की हंटर आपल्या साच्यात गाव बसतं का ते बघतो, आणि बसलं नाही की तसं लिहून ठेवतो.

(पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण इथे कुणाला सांगू नका. १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्याने याच गढावर खणलं तेव्हा इसवी सनापूर्वी कित्येक शतकं आधीचा प्रचंड मातीचा कोट निघाला आणि नदीच्या बाजूने धूप अडवायला घातलेली लाकडं निघाली. नदीशी भांडण खरंच होतं.)

दुपारी दक्षिणेकडे, जयसिंगपुऱ्यात. सवाई जयसिंग माळव्याचे सुभेदार असताना त्यांनी बांधलेली वेधशाळा इथे आहे. सम्राट यंत्राचा तिरका कठडा आकाशातल्या ध्रुवाकडे बोट दाखवत उभा आहे, सुमारे तेवीस अंशांच्या चढाने, कारण उज्जैनचा अक्षांश तेवढा. आपल्या सिद्धांतग्रंथांत रेखांश मोजायची सुरुवात याच गावावरून होते. ग्रीनिच मागून आलं. तुम्ही सावली बघायला वाकता आणि नाकात गंधकाचा वास शिरतो. वेधशाळेत तोफा ओतण्याचा कारखाना आणि शस्त्रागार आहे. यंत्रांच्या चुन्याला काजळी धरलीय. ज्यांच्या राज्यात हे झालं ते आपलेच लोक, हे मनात येतं आणि तुम्ही दुसरीकडे बघता.

दुसरीकडे एक तरुण पंडित बसलाय. जयसिंगांच्या पदरी असलेल्या एका ज्योतिष्याचा हा नातू. घराण्याला जयपुरात 'ज्योतिषराय' ही पदवी होती, पदवीबरोबर उत्पन्न होतं. मराठ्यांच्या स्वाऱ्यांनी मुलूख उजाड केला, उत्पन्न आटलं, आणि आश्रय शोधत हा पोरगा आला तो मराठ्यांच्याच उज्जैनीत. याला दुसरं काय म्हणणार? तो पोथ्या सोडतो. एक युक्लिड, संस्कृतात. आणि लॉगॅरिथम कसे काढावे, कसे वापरावे याचं विवेचन, तेही संस्कृतात, आणि शोधकर्त्याचं नाव डॉन जुआन नेपियर.

हंटरचा चेहरा बघण्यासारखा होतो. नेपियर त्याच्याच देशचा, एडिंबराचा जॉन. तो उज्जैनीत येऊन डॉन जुआन कसा झाला? तर जयसिंगांनी पोर्तुगालला माणसं पाठवली होती, पाद्रींकरवी पुस्तकं आणली होती. स्कॉटलंडचा माणूस इबेरियाचा अंगरखा घालून माळव्यात पोचला. पण गणित बिनचूक. नाव बदललं, बेरीज बदलली नाही. तुम्ही बसून एक उदाहरण सोडवून बघितलंत तर उत्तर बरोबर येतं. या पोथीवर विश्वास ठेवायला नेपियर कुठला हे कळण्याची गरजच नाही.

(हा तरुण लवकरच जयपुरात मरणार आहे. त्याच्या तोंडाकडे बघताना तुम्हाला हे माहीत असतं. कालप्रवासातला हा भाग कुणी सांगत नाही.)

बाजूला त्याचा लेखक एक प्रत उतरवतोय. एक अक्षर चुकतं. तो एका वाटीतली पिवळी खळ काडीने त्या अक्षरावर चढवतो, वाळू देतो, आणि वर नवं अक्षर लिहितो. कागद आधीच पिवळसर. दोन हातांवरून तुम्हाला जागा ओळखता येत नाही. हरताळ. आयुष्यभर 'हरताळ फासला' म्हणत आलात, आज फासताना पाहिलात. शिवाय पोथीला बांधणी नाही. सुटी पानं, दोन फळ्यांच्या मध्ये. एखादं पान काढून त्या जागी दुसरं घातलं तर कोण ओरडणार?

इथून काशी बरीच लांब आहे, पण याच महिन्यांत तिथे नेमकं हेच चाललंय. फ्रान्सिस विल्फर्ड, हॅनोव्हरकडचा, कंपनीच्या फौजेतला लेफ्टनंट. त्याला पुराणांत मिसर देश शोधायचाय. त्याने एक पंडित पगारावर ठेवला, मदतनीस ठेवायला वेगळे पैसे दिले, आणि पंडिताला नीट कळावं म्हणून आधी मिसरच्या, ग्रीसच्या आणि बायबलातल्या कथा स्वतःच सांगितल्या. असं काही सापडलं तर आण, म्हणून. पंडिताने मदतनिसांचे पैसे खिशात घातले. मग पोथ्या चाळणार कोण? त्यापेक्षा लिहून काढणं सोपं. नाईल सापडली. नोआ आणि त्याचे तीन मुलगे सापडले, संस्कृत नावांसकट. विल्फर्डचा तो लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात येतोय, खंडावर साल १७९२, आणि सर विल्यम जोन्स, ज्यांच्यापुढे सारा युरोप मान झुकवतो, त्यांनी त्याला आपलं अनुमोदन जोडलंय. जोन्स दोन वर्षांनी वारतील, ते अनुमोदन परत न घेता. विल्फर्डला घोळ कळेल तेव्हा पंडित दहा ब्राह्मण आणून त्यांच्याकडून पोथ्या खऱ्या असल्याची शपथ घेववेल. आणि १८०५ मध्ये विल्फर्डला जाहीर कबूल करावं लागेल की आपल्याला फसवलं गेलं, सुमारे बारा हजार श्लोक त्या माणसाने घरी बसून रचले.

बारा हजार! मला त्या पंडिताबद्दल राग कमी आणि अचंबा जास्त वाटतो. काय हात चालत असेल! स्वतःच्या नावावर लिहिलं असतं तर कवी म्हणून राहिला असता. पण तशा पुराणाला पगार कोण देणार होतं? साहेबाने ताट वाढून ठेवलं होतं, पाटही मांडला होता. फक्त जेवायला बसायचं बाकी होतं. आणि हा काही साहेबाच्या अज्ञानाचा दोष नव्हे. १७६१ साली व्हॉल्टेअरने, बुद्धिवाद्यांच्या मुकुटमण्याने, 'एझुरवेदम्' नावाचं हस्तलिखित प्राचीन ब्राह्मणी ज्ञान म्हणून फ्रान्सच्या राजाच्या ग्रंथालयात ठेवलं. ते पाद्र्यांच्या हातचं निघालं. १७२६ मध्ये इंग्लंडात मेरी टॉफ्ट नावाची बाई आपण ससे प्रसवतो म्हणाली, आणि तिच्यावर विश्वास ठेवून पुस्तिका छापणारा राजाचा शल्यवैद्य होता. बाजारातला माणूस फसतो तो आठ आण्यांना. विद्वान फसला की खंड निघतो.

संध्याकाळ. शिंद्यांच्या पागेजवळ चूल पेटलीय, ज्वारीच्या भाकरीचा वास आहे. परमुलखात तीस वर्षं राहूनही या लोकांनी गहू मनापासून स्वीकारलेला नाही. तुम्हाला एका शिलेदाराशेजारी जागा मिळते. वय पन्नाशीला टेकलेलं, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. पानिपतावर तो सोळा वर्षांचा होता. त्याबद्दल तो बोलत नाही, आणि तुम्ही विचारत नाही. पण तोतयाचं नाव निघताच तो सरसावून बसतो.

"मी होतो ना कोकणात, पाटीलबावांबरोबर. शहात्तर सालची गोष्ट."

हकीकत थोडक्यात अशी. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण पडताना पाहिलं असं सांगणारा आपल्या माणसांत धड कुणी परतला नाही. काही वर्षांनी उत्तरेत सुखलाल नावाचा एक कनोजी ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून वावरू लागला. थोरल्या माधवरावांनी त्याला पकडून चौकशी केली, तोतया ठरवला आणि किल्ल्यावर कैदेत घातला. शेवटी तो रत्नागिरीला होता. माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, राघोबादादा इंग्रजांना जाऊन मिळाले, गादीवर दोन वर्षांचा पेशवा. अशा वेळी, १७७६ मध्ये, रत्नागिरीच्या रामचंद्र नाईक परांजप्याने कैद्याला बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून मुजरा केला. कोकणातले किल्ले एकामागून एक दारं उघडू लागले. हजारोंची फौज जमली.

"लोक खरंच मानत होते?" तुम्ही विचारता.

"पायावर डोकं ठेवत होते, राव. म्हातारी माणसं रडत होती."

"आणि तुम्ही?"

तो काटकी मोडून चुलीत घालतो. "भाऊसाहेबांना मी दोन हातांवरून पाहिलेलं. हा तो नव्हे, हे मला लांबूनच कळलं. पण खरं सांगू का? कळेपर्यंत जरा वेळ लागला. लागू दिला मी."

महादजी आणि भिवराव पानसे चालून गेले, फौज फुटली, तोतया गलबतातून मुंबईकडे निसटू पाहत होता तो कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांच्या हाती लागला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा मिळाली. गंमत बघा, त्याच्या आधी जेमतेम दोन वर्षं, जानेवारी १७७५ मध्ये, मॉस्कोत एमेल्यान पुगाचोव्हचं डोकं उडवलं होतं. तो कोसॅक स्वतःला मेलेला झार तिसरा पीटर म्हणवत होता, आणि अर्धा रशिया त्याच्यामागे पेटला होता. एका राज्यात राजाचा संशयास्पद मृत्यू, दुसऱ्यात सेनापतीचा न दिसलेला. मढं नीट पाहिलं नाही की माणूस परत येतो.

पण मढं पाहिलं होतं. इथे तुम्हाला शिलेदारापेक्षा जास्त माहीत आहे, आणि गप्प बसणं कठीण जातं. काशीराज पंडित, दक्षिणी ब्राह्मण, पण शुजाउद्दौल्याच्या पदरी म्हणून रणाच्या पलीकडच्या बाजूला. लढाईनंतर प्रेतांत भाऊ शोधायला गेलेल्यांत तो होता. त्याने फारसीत लिहून ठेवलंय. शीर नसलेलं एक धड सापडलं. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, भाऊंचाच. पाठीत कट्यारीच्या जखमेचा वण, मुजफ्फरखानाने वार केला होता तोच. तळपायावर पद्म आणि मत्स्याची चिन्हं. आणि सगळ्यांत शेवटी जे वाचून माझ्या अंगावर काटा येतो ते: तळहातांना आणि गुडघ्यांना घट्टे. भाऊ रोज बाराशे सूर्यनमस्कार घालायचे.

बाराशे नमस्कारांचे घट्टे. डाग रंगवता येतो, वण पाडून घेता येतो, पद्म-मत्स्य तर ज्याला हवं त्याला कुठल्याही पायावर दिसतं. घट्टे मात्र वर्षांनुवर्षं रोज पहाटे उठून कमवावे लागतात. शीरही दुसऱ्या दिवशी एका दुराण्याकडून मिळालं, आणि अग्नी दिला गेला.

हा पुरावा पंधरा वर्षं अस्तित्वात होता आणि तरी कोकणातले किल्ले उघडले. पुण्यात पार्वतीबाई, भाऊसाहेबांच्या पत्नी, कुंकू लावत राहिल्या. कुणाचीही छाती झाली नाही त्यांना विधवा म्हणायची. १७८३ मध्ये त्या गेल्या तोपर्यंत भाऊ जिवंत. तोतयाला फौज कुणी दिली, तर परांजप्याने. पण त्याआधी पंधरा वर्षं त्याच्यासाठी जागा रिकामी ठेवली होती ती घराघरांतून बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी. पानिपताहून न परतलेला नवरा, न परतलेला मुलगा. भाऊसाहेब येऊ शकतात तर आपलाही येईल. सुखलाल नुसता येऊन बसला.

तुम्ही घट्ट्यांची गोष्ट शिलेदाराला सांगता. सांगायला नको होती. तो बराच वेळ काही बोलत नाही.

"ते कुणी पाहिले घट्टे?"

"काशीराज पंडितांनी."

"शुजाकडचा ना तो?" आणि भाकरीवर कांदा फोडून ठेवतो. विषय संपला. साक्षीदार पलीकडचा, म्हणून साक्षही पलीकडची. आणि आता हसू नका: काशीराजाच्या त्या हकिकतीचं इंग्रजी भाषांतर छापलं जातंय कुठे, तर एशियाटिक सोसायटीच्या त्याच तिसऱ्या खंडात. विल्फर्डची नाईल आणि भाऊंच्या हाताचे घट्टे एकाच बांधणीत, एकाच अक्षरात, एकाच किमतीला. पॅरिसमध्ये किंवा एडिंबरात ते उघडणाऱ्या वाचकाने कसं ओळखायचं की यातलं काय काशीला रचलंय आणि काय पानिपतावर पाहिलंय? त्याने ओळखलंही नाही. गाजली ती नाईल.

रात्री झोप लागत नाही. आग्नेयेकडून गरम वारा, मच्छर, आणि तळावर कुणीतरी सारखं खोकतंय. पहाटे तुम्हाला पुन्हा लिहायला बोलावतात. उज्जैनच्या ज्योतिष्यांकडून हंटरला एक यादी हवीय: कोणता ग्रंथकार कोणत्या शकात झाला. शहरातले दोघे-तिघे जण आलेत. त्यातला सर्वांत वयस्कर बोलतो, बाकीचे मान हलवतात. तुम्ही देवनागरीत उतरवून घेता.

ही यादी काय आहे ते त्यांना माहीत नाही. १७९९ मध्ये जॉन बेंटली नावाचा गणिती छापील लिहील की सूर्यसिद्धांत अलीकडचा आहे, वराहमिहिर अकराव्या शतकातला आहे. मग पुढे पुढे तो हिंदूंच्या जवळजवळ साऱ्या वाङ्मयालाच बनावट ठरवत जाईल, अगदी विल्फर्डच्या पंडिताने देशभर पोथ्या भरवल्या असाव्यात अशा थाटात. एकदा फसलेला माणूस जसा दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकतो, तसा एक सबंध विद्वद्वर्ग. आणि १८१७ मध्ये संस्कृतचा अभ्यासक कोलब्रुक त्याला उत्तर देताना जी साक्ष काढेल ती ही, आत्ता तुमच्या हातातली, अजून ओली.

"ब्रह्मगुप्त," म्हातारा सांगतो. "पाचशे पन्नास." बरोबर; ब्रह्मगुप्ताने स्वतःच्या ग्रंथात हाच शक दिलाय.

"मुंजाल, आठशे चौपन्न. भटोत्पल, आठशे नव्वद." तुम्ही लिहिता.

"भोजराजा, नऊशे चौसष्ट. भास्कराचार्य, एक हजार बहात्तर." आपला भास्कर. सिद्धांतशिरोमणी छत्तिसाव्या वर्षी लिहिला म्हणून त्याने स्वतःच सांगितलंय, जन्मशक एक हजार छत्तीस. बेरीज जमते. यांच्यापुढे कुणी पाट मांडला नव्हता. मेजरच्या वैद्याला कोणतं उत्तर आवडेल हे यांना कळायला मार्गच नाही. आकडे त्यांना गुरूकडून आलेत, ते तसेच तुमच्याकडे येताहेत.

तुम्ही यादी वरून वाचून दाखवता. पहिली ओळ, वराहमिहिर, शके एकशे बावीस. दुसरी ओळ, वराहमिहिर, शके चारशे सत्तावीस.

दुसरा बरोबर आहे. पंचसिद्धांतिकेतली गणिताची सुरुवात त्याच शकाची, आणि तो माणूस याच अवंतीचा. पण पहिला? एकशे बावीसचा वराहमिहिर पुढे दोनशे वर्षांत कुणालाही सापडणार नाही. ना ग्रंथ, ना घर, ना उल्लेख. तुम्ही लेखणी टेकवून थांबता.

"दोन वराहमिहिर, शास्त्रीबुवा?"

"दोन."

"पहिल्याचा ग्रंथ कोणता?"

म्हातारा शेजाऱ्याकडे बघतो. शेजारी खाली बघतो. बाहेर तोफखान्यात घणाचा पहिला ठोका पडतो. "आमच्याकडे दोन सांगतात," म्हातारा म्हणतो, राग न येता, आणि पुढचं नाव आठवत डोळे मिटतो.

हरताळाची वाटी तुमच्या उजव्या गुडघ्याशी आहे, काडी तिच्यात तशीच बुडालेली. कालच्या गव्हाचा काळा डाग बोटावर अजून आहे. तुम्ही बोट कडेला धरून, कागदाला लागणार नाही असं, पुढची ओळ लिहायला घेता.